हरिसिंग ठक होता, 'थग' नव्हता

परवा हिंगोलीच्या रिसाला बाजारात एका नव्याकोऱ्या मोटारसायकलवर 'थग लाइफ' असं ठळक रंगवलेलं दिसलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. 'लूट' इंग्रजीत कशी गेली ते मागे इथेच लिहिलं होतं. 'थग' हा तिचाच सोबती, मूळचा आपला 'ठग', आणि त्याचं हिंगोलीशी नातं फार जवळचं आहे.

मेडोज टेलर हा निजामाच्या फौजेतला अधिकारी. 1839 साली त्याची 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' निघाली आणि हा शब्द विलायतेत घरोघरी पोचला. तिच्या प्रस्तावनेत हिंगोली छावणीतला हरिसिंग भेटतो. गावातला प्रतिष्ठित व्यापारी. खुद्द टेलरचाही त्याच्याशी व्यवहार होता. मुंबईहून कापड आणायचंय म्हणून त्याने जिल्ह्याचा कारभार पाहणाऱ्या कॅप्टन रेनॉल्ड्सकडे परवाना मागितला. कापड जवळच्याच गावातल्या दुसऱ्या व्यापाऱ्याचं होतं आणि ते घेऊन तो वाटेत होता. हरिसिंगाने त्याला, त्याच्या नोकरांना आणि गुरं हाकणाऱ्यांना मारलं, त्याच परवान्यावर माल छावणीत आणून राजरोस विकला. त्याच्या टोळीने मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आत, भर बाजारात माणसं मारली आणि पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम पाचशे यार्डांवर पुरली. तिथले खड्डे उकरले तेव्हा टेलर स्वतः हजर होता. ठगीचं, म्हणजे वाटसरूंना विश्वासात घेऊन मारण्या-लुटण्याचं, प्रकरण कंपनी सरकारने फुगवलं, असं बरेच अभ्यासक म्हणतात. त्यात तथ्य आहे. पण त्याने ही प्रेतं खोटी ठरत नाहीत.

हरिसिंगाचं खरं हत्यार त्याची पत होती. संस्कृतात 'स्थग्' म्हणजे झाकणं; 'ठग', 'ठक' त्यातूनच आले. इंग्रजीने त्यातला खून ठेवला, झाकणं टाकून दिलं. तिथला 'थग' म्हणजे भररस्त्यात दंडेली करणारा गुंड. मराठीने उलट केलं. आपल्या ठकाच्या हातून खून सुटला, विश्वासघात मात्र टिकला. उधारीवर हळद नेऊन व्यापारी पसार झाला की शेतकरी म्हणतो, "ठकवलं हो!" त्या एका शब्दात हरिसिंग अख्खा उतरतो.

अमेरिकेत रॅपर टूपॅक शकूरने 'थग लाइफ' पोटावर गोंदवलं. काळ्या पोरांना मिळणारी शिवी त्याने छाती पुढे काढून मिरवली. त्याला त्याचं कारण होतं. आपल्या पोरांना कोणतं आहे?

इंग्रजीआधी आपला शब्द वापरा, हे माझं जुनं म्हणणं पुन्हा मांडतो. बँकेतून बोलतोय असं सांगून म्हाताऱ्या माणसाकडून ओटीपी काढून घेणारा हा हरिसिंगाचा थेट वारस आहे. त्याच्या बातमीत 'फ्रॉड' आणि 'स्कॅम' कशाला? 'ठकबाजी' लिहा, गावातल्या आजीलाही धोका कळेल. आणि हिंगोलीच्या इतिहास शिक्षकांना विनंती, टेलरच्या प्रस्तावनेतलं हरिसिंगाचं ते पान मराठी करून एकदा वर्गात वाचा.