पाणी भरणारीनं खुर्ची मागावी



मागच्या वर्षी मी एक अर्ज केला. पाणी आणि सांडपाण्याचं धोरण ठरवणाऱ्या एका विभागीय समितीचं अध्यक्षपद रिकामं होतं. अर्जात 'या क्षेत्रातील अनुभव' असा रकाना होता. मी लिहिलं: पंचवीस वर्षं पाणी भरते, गावच्या पाणी समितीत दोनदा सदस्य, गटारासाठी चार ग्रामसभा लावून धरल्या. साहेबांनी वाचलं आणि हसले. म्हणाले, "ताई, हा अनुभव नव्हे. हे तर घरकाम झालं."

ते हसणं माझ्या एकटीवरचं नव्हतं, म्हणून इथं लिहिते आहे.

आमचा शिराळा तालुका काही पाण्यावाचून तहानलेला नाही. वारणेवरचं चांदोलीचं धरण इथलंच, ३४ टीएमसीचं. मोरणेवरही धरण आहे. तरी डोंगरातल्या वाड्यांवर उन्हाळ्यात बाया झऱ्यापाशी हंडे लावून बसतात. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरात जिल्ह्यात जिकडं तिकडं पाणी झालं आणि प्यायला थेंब मिळेना. पूर ओसरल्यावर घरातला चिखल कुणी काढला? सांडपाण्याचंही तसंच. आपल्या मोरीतलं पाणी ओढ्याला, ओढ्याचं मोरणेला, मोरणेचं वारणेला जातं, आणि वारणा हरिपूरला कृष्णेत मिळते. खालच्या गावात ज्या बाळाला जुलाब होतात, त्याची आई रात्रभर जागते. तिचा या धोरणाशी काही संबंध नाही म्हणायचं?

"पाणी हा तांत्रिक विषय आहे," असं आपल्याला सांगतात. खरं आहे, पाइपाचा व्यास इंजिनिअरनंच काढावा. पण पाणी आधी पिण्याला की कारखान्याला, पट्टी कुणी किती भरायची, नाला कुणाच्या दारात सोडायचा, हे व्यास काढून ठरत नाही. हे न्याय-अन्यायाचे प्रश्न आहेत, आणि खुर्ची त्यांचेच निर्णय करते. १९७४ चा जलप्रदूषणाचा कायदासुद्धा राज्य मंडळाच्या अध्यक्षासाठी विशेष ज्ञान 'किंवा प्रत्यक्ष अनुभव' म्हणतो. उलट राज्याचं जलसंपत्ती नियमन प्राधिकरण २००५ च्या कायद्यानं झालं, तेव्हा त्याच्या अध्यक्षपदासाठी मुख्य सचिवाच्या दर्जाची अट घातली गेली. असा दर्जा गाठलेल्या बायका राज्यात किती, ते बोटांवर मोजा.

खालीही तीच गत. २००५ च्याच आणखी एका कायद्यानं पाणी वापर संस्थांची चौकट ठरली. सभासद कोण? लाभक्षेत्रातला जमीनधारक. सातबारावर नाव नवऱ्याचं, दिराचं, सासऱ्याचं. रात्रपाळीचं पाणी धरायला ती जाते, मत द्यायला तो. १९९४ साली महाराष्ट्रानं मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला. पण माहेर तुटायला नको म्हणून आपण हक्कसोड पत्रावर अंगठा देतो, आणि जमिनीबरोबर पाण्यावरचं मतही सोडून येतो.

ही व्यवस्था काही देवानं घालून दिलेली नाही. याच जिल्ह्यात खानापूर तालुक्यात येरळेवर लोकांनी १९८० च्या दशकात बळीराजा धरण उभं केलं आणि भूमिहीनांनाही पाण्याचा समान वाटा धरला. पाणी जमिनीपासून सुटं करता येतं, हे आपल्याच मातीत दिसलं आहे.

आता आपल्याकडंही बोट दाखवू. गावच्या पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत निम्म्या जागा बायकांच्या. आमच्या गावात रजिस्टर घरी यायचं. चुलीपुढून उठून मीही पहिली दोन वर्षं न वाचता सही केली. हंडा मोर्चात आपण पुढं असतो, साहेबाला घेराव घालतो, नळ आला की घरी जातो. नळाची चावी कुणाच्या हातात राहिली, ते बघत नाही. मागणी करणाऱ्या आपण आणि ठरवणारे ते, ही वाटणी आपणही मान्य करून बसलो आहोत.

म्हणून माझं सांगणं आहे. प्रत्येक गटानं यंदा निदान एक अर्ज करावा: पाणी समितीच्या अध्यक्षपदासाठी, पाणी वापर संस्थेसाठी, वरच्या मंडळासाठी. रजिस्टर घरी आलं तर सही करू नये, बैठक लावायला सांगावी. अर्ज फेटाळला तर माहितीच्या अधिकाराखाली विचारावं: निवडीचे निकष कोणते, निवडलेल्याचा अनुभव काय? आणि एकत्र मागावं की पाणी वापर संस्थेत सातबारा नसलेल्या कसणारणीलाही मत हवं.

माझ्या अर्जाचं उत्तर अजून आलेलं नाही. मी दुसरा लिहिते आहे. अनुभवाच्या रकान्यात तेच लिहिणार: पंचवीस नव्हे, आता सव्वीस वर्षं.