नव्या गावी नृत्यगुरूंची निवड

जून महिना उजाडला की आमच्या शाळेच्या कचेरीपुढे नव्या विद्यार्थ्यांची व त्यांच्या पालकांची रांग लागते. कोणाची बँकेत बदली झालेली असते, कोणाची रेल्वेत, कोणाची पोलीस खात्यात. घरचे सामान अद्याप खोक्यांत असते. परंतु मुलांच्या शाळेची व्यवस्था आधी लागली पाहिजे, या चिंतेने आईबाप दाखले घेऊन धावत असतात. ते योग्यच आहे. तथापि जे मूल पाच-सहा वर्षे एखादी कला निष्ठेने शिकत आले आहे, त्याच्या शाळा दोन असतात. पहिलीसाठी आपण दहा ठिकाणी चौकशी करतो, दुसरीसाठी मात्र शेजाऱ्यांस विचारतो, "जवळपास नृत्याचा वर्ग आहे का हो?" आणि जो फलक प्रथम दिसेल तेथे शुल्क भरून मोकळे होतो. या दुसऱ्या निवडीविषयी चार शब्द लिहावे असे आम्हांस वाटते. कारण तिच्यात आम्ही स्वतः चुकलो आहो.

दोन वर्षांपूर्वी आम्ही सोलापुराहून पुण्यास आलो. आमची कन्या तेव्हा नववीत जात होती. वयाच्या आठव्या वर्षापासून ती भरतनाट्यम् शिकत होती. पुण्यास येताच एका वर्गाचा वार्षिक कार्यक्रम आमच्या पाहण्यात आला. मोठे नाट्यगृह, दिव्यांचा झगमगाट, एकाच रंगाची वस्त्रे ल्यालेल्या पन्नास-साठ मुली! आम्ही दिपून गेलो व दुसऱ्याच दिवशी कन्येचे नाव घातले. चौथ्या आठवड्यात तिला एका समूहनृत्याच्या रांगेत उभे करण्यात आले. ती पूर्वी काय शिकली, कोणापाशी शिकली, हे कोणी विचारले नाही. आठ महिन्यांत तीन नृत्ये बसली, दोन पोशाख झाले, छायाचित्रे निघाली. घरचा सराव मात्र तिने हळूहळू सोडला. आम्हांस वाटले, अभ्यासाचा भार असेल.

एके रात्री जेवताना ती म्हणाली, "बाबा, तिथे माझं काही चुकतच नाही."

तिची आई म्हणाली, "मग चांगलंच की!"

"चांगलं कसं? सोलापूरच्या बाई रोज एक तरी चूक काढायच्या. इथे मी कशीही नाचले तरी 'छान' म्हणतात."

या उत्तरावर आम्हांपाशी बोलण्यासारखे काही नव्हते. जो शिक्षक निबंधाच्या वह्या न वाचता सर्वांवर 'बरोबर' अशी खूण करून परत देतो, त्यास आपण काय म्हणू? आणि तशाच शिक्षकाच्या हाती आम्ही, स्वतः शिक्षक असून, आपले मूल दिले होते.

पुढे एका परिचितांच्या सांगण्यावरून आम्ही दुसऱ्या एका बाईंकडे गेलो. तेथे फलक लहान, जागाही लहान. बाईंनी आम्हांस भिंतीशी बसवून घेतले आणि लाकडी ठोकळ्यावर दांड्याने ताल धरून कन्येस पहिला अडवु करावयास सांगितले. अडवु म्हणजे पाय, हात व दृष्टी यांची मूळ जुळणी. भाषेत जशी बाराखडी, तसे या नृत्यात अडवु. पहिल्या लयीत तिचे ठीक झाले, दुसरीत पाय डळमळला, तिसरीत सर्व विस्कटले. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी विचारले, "तुझ्या पहिल्या बाई कोण?" नाव ऐकून म्हणाल्या, "पाया त्यांनी चांगला घातला आहे. आमची बानी निराळी आहे आणि मध्ये सराव तुटला आहे. सहा महिने धाकट्या मुलींबरोबर बसावे लागेल."

चौदा वर्षांच्या मुलीने दहा वर्षांच्या मुलींत बसावयाचे! परतताना ती रिक्षात रडली. आम्हांसही अपमान झाल्यासारखे वाटले. परंतु घरी पोहोचल्यावर तिनेच सांगितले, "मी तिथेच जाणार." येथे आम्हांस जे उमगले, तेच या लेखाचे सार आहे. गुरु निवडताना आपण विचारतो, 'हे माझ्या मुलास किती लवकर पुढे नेतील?' विचारावयास हवे ते हे, की 'गरज पडल्यास हे त्यास मागे नेण्याचे धैर्य दाखवतील काय?'

बानी म्हणजे घराण्याची रीत. पंदनल्लूर, वळुवूर, कलाक्षेत्र अशा अनेक बान्या आहेत. एकच अडवु एकीत एका तऱ्हेने, दुसरीत दुसऱ्या तऱ्हेने केला जातो. म्हणून गाव बदलले की विद्यार्थ्यास थोडेफार विसरून पुन्हा शिकावे लागते. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. ही कलाच मुळी बिऱ्हाडे बदलत आलेली आहे. तिच्या आजच्या मांडणीचा पाया एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तंजावूरच्या मराठी दरबारी असलेल्या चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् व वडिवेलु या चार बंधूंनी घातला. तेथील दुसरे सरफोजीराजे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांच्या नावे तर मराठी भाषेतील नृत्यरचनाही आहेत. पुढे त्या बंधूंपैकी चिन्नय्या म्हैसूरच्या व वडिवेलु त्रावणकोरच्या दरबारी गेले. १९३६ साली रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी मद्रासेस कलाक्षेत्राची स्थापना केली, आणि १९४५ साली मुंबईत माटुंगा येथे श्री राजराजेश्वरी भरत नाट्य कला मंदिर उघडले. स्थळे बदलली, आश्रयदाते बदलले. पण जेथे जेथे ही विद्या टिकली, तेथे तेथे ती रोजच्या अडवुंवर टिकली.

तेव्हा पालकांस आमची विनंती अशी की, वर्ग पाहावयाचा तर त्याचा वार्षिक कार्यक्रम पाहू नये. एखाद्या साध्या मंगळवारची शिकवणी मागे बसून पाहावी. बसू देत नसतील, तर तेथेच उत्तर मिळाले असे समजावे. आत बसल्यावर सर्वांत चांगल्या मुलीकडे पाहू नये, सर्वांत मागे पडलेल्या मुलीकडे पाहावे. गुरूंची दृष्टी तिच्यापर्यंत पोहोचते काय? चूक दाखविताना तिची टिंगल होते, की 'पाय असा नव्हे, असा' म्हणून तिला पुन्हा करावयास लावतात? मुलीच्या अंगकाठीवर शेरे मारणे म्हणजे शिस्त नव्हे.

दुसरे, जमीन व गुडघे पाहावे. या नृत्यात अरमंडी, म्हणजे गुडघे बाहेरच्या दिशेस वळवून अर्धे बसणे, ही मूळ स्थिती आहे. हे वळण कंबरेच्या सांध्यातून यावे लागते. पावले बाहेर व गुडघे आत राहिले, तर सारा पीळ गुडघ्यावर पडतो. तशात पायांखाली काँक्रीटवर बसविलेली फरशी असेल, तर वाढत्या वयाच्या मुलांस गुडघेदुखी जडण्यास वेळ लागत नाही. ज्या गुरूंस याची जाण असते, ते आरंभी अंग मोकळे करवून घेतात आणि दुखते म्हणणाऱ्या मुलास बसवून ठेवतात.

परीक्षांविषयी थोडक्यात सांगतो. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून अलंकारपर्यंत आहेत व त्यांची केंद्रे अनेक गावी आहेत. त्यामुळे गाव बदलले तरी दिलेली परीक्षा फुकट जात नाही. ही सोय मोठीच आहे. परंतु दहावीच्या निकालात शास्त्रीय कलेचे वाढीव गुण मिळावेत एवढ्याचसाठी घाईने परीक्षा उरकून देणारे वर्गही निघाले आहेत. तसेच अरंगेत्रम्, म्हणजे पहिला स्वतंत्र रंगप्रवेश, हा शिक्षणाचा टप्पा आहे. घरच्या लग्नासारखा खर्च करून उरकावयाचा समारंभ नव्हे. पोशाख, वादक व सभागृह यांचा खर्च आधीच स्पष्ट सांगतात की नाही, हे विचारण्यात संकोच कशाला?

कोणी म्हणेल, दहावी तोंडावर आली असता मागे जाण्याचा खटाटोप का करावा? आणि ज्या मुलास केवळ हौसेने, मैत्रिणींबरोबर नाचावयाचे आहे, त्याने काय करावे? हौस ही वाईट गोष्ट नव्हे. तिच्यासाठी समूहनृत्याचा वर्ग उत्तम. मात्र आपणांस कोणते हवे हे मुलास विचारून ठरवावे आणि एकाच्या नावाखाली दुसरे पदरात पाडून घेऊ नये. अंतराचाही विचार हवा. नामवंत गुरूंकडे जाण्यायेण्यात रोज दोन-तीन तास जात असतील व मूल पुस्तकावर पेंगत असेल, तर जवळचे कमी प्रसिद्ध परंतु प्रामाणिक गुरु आम्ही अधिक पसंत करू. दहावीच्या वर्षी सराव आठवड्यातून दोनच दिवस झाला तरी चालेल. तो नीट झाला पाहिजे.

विद्यार्थी मित्रहो, तुम्हांसही दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. गाव सोडण्यापूर्वी पहिल्या गुरूंच्या घरी जाऊन त्यांस नमस्कार करा, त्यांचा निरोप घ्या व शक्य तर नव्या गुरूंसाठी चिठ्ठी मागून घ्या. नव्या ठिकाणी "आमच्या बाई असे शिकवत नव्हत्या" हे वाक्य तोंडी आणू नका. आणि पहिल्या बाईंस कोणी नावे ठेवली, तर तेही मुकाट्याने ऐकून घेऊ नका. खरे गुरु दुसऱ्या गुरूंच्या मेहनतीचा मान राखतात.

आमची कन्या सहा महिन्यांऐवजी नऊ महिने धाकट्या मुलींत बसली. गेल्या वर्षी तिने कोणत्याही रंगमंचावर पाऊल ठेवले नाही; नातेवाइकांनी विचारले असता सांगावयास आम्हांपाशी काही नव्हते. परंतु सायंकाळी आमच्या घरात पुन्हा 'तैया तै' ऐकू येऊ लागले आहे. मधेच ते थांबते. क्षणभर शांतता पडते. आणि मग तेच आवर्तन पहिल्यापासून सुरू होते. आपली चूक तिला आता आपली आपण कळते. याहून अधिक काही आम्ही तिच्या गुरूंकडे मागितले नव्हते.