पिंजऱ्याआधी उष्टे उचला

गेल्या महिन्यात मिस्सानंतर एक अर्ज माझ्यापुढे आला. चर्चच्या मागील भिंतीवर रात्री बिबट्या दिसला. वनखात्याने पिंजरा लावून त्याला दूर कोठेतरी सोडावे, अशी मागणी होती. "फादर, पहिली सही आपली," असा आग्रह झाला. मी सही केली नाही. अनेकांना माझा नकार निष्ठुर वाटला, म्हणून हे उत्तर.

तुमची भीती खोटी नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये आरे वसाहतीत एका तान्ह्या मुलीला बिबट्याने ठार केले. तिच्या आईला 'निसर्गनियम' ऐकविणारा माणुसकीलाच पारखा म्हणावा लागेल. माणसावर हल्ला करणारा बिबट्या पकडलाच पाहिजे. डिसेंबर 2017 मध्ये अंधेरीच्या बालवाडीत शिरलेल्या बिबट्याला बेशुद्ध करून हलविले, तेही योग्यच होते.

परंतु नुसता दिसला म्हणून पकडावा काय? जुन्नर परिसरात 2001 पासून बिबटे पकडून अन्यत्र सोडण्याचा सपाटा लावला गेला. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार तेथे माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी चारांवरून सतरांवर गेले. 2011 साली केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनीही अशा स्थलांतरास विरोध केला. आपले संकट दुसऱ्याच्या दारी सोडणे, ही कोणती शेजारप्रीती?

शिवाय, पहिला हस्तक्षेप कोणी केला? बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत आपण राष्ट्रीय उद्यानाला इमारतींनी वेढले. आपल्या लग्नांच्या जेवणावळींचे उष्टे भिंतीपलीकडे पडते. त्यावर कुत्री पोसली जातात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. आमंत्रण आपण द्यायचे आणि पाहुण्याला गुन्हेगार ठरवायचे!

उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातील 'सत्ता' आपल्याला तोंडपाठ असते. दुसऱ्या अध्यायात देवाने मनुष्याला बागेची मशागत व राखण सोपविली, याचा मात्र विसर पडतो. पोप फ्रान्सिस यांनी 2015 साली 'लाउदातो सी' या विश्वपत्रात याच राखणदारीची आठवण करून दिली. राखणदाराने हात बांधून बसू नये, हे खरे. पण त्याने आधी आपले अंगण झाडावे.

तेव्हा अर्ज नव्याने लिहा. कचरा रोज उचलला जावा, पाड्यांवर दिवे लागावेत, तेथील आयाबहिणींना अंधारात झुडपांत जावे लागू नये म्हणून शौचालये बांधावीत, या मागण्या त्यात असोत. आणि आपल्या हॉलमधील उष्टे त्याच रात्री नीट उचलले जाईल, अशी आपली स्वतःची हमीही असो.

त्या अर्जावर पहिली सही माझी.