गंजलेली मोटार आणि वयाची मोजपट्टी

पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली ती १४ डिसेंबर १९८३ रोजी. अवघ्या ७९६ सीसीच्या इंजिनावर धावणाऱ्या या मोटारीने मध्यमवर्गाचे स्वप्न आवाक्यात आणले. २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. आज काही हौशी मंडळी घराशेजारच्या चिंचोळ्या गॅरेजात तिचा गंजलेला पत्रा कापून नवा जोडतात, कार्ब्युरेटर खोलून साफ करतात. या खटाटोपास निव्वळ स्मरणरंजन म्हणून हिणवणे योग्य नव्हे.

शासनाची दृष्टी मात्र वयावरच खिळलेली आहे. पंधरा वर्षांनंतरच्या नोंदणी-नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी ते १०,००० करण्यात आले. उलट २०२१ च्या नियमांनी ‘व्हिंटेज’चा मान दिला तो पन्नास वर्षांवरील वाहनांना. म्हणजे पहिल्या मारुतीलाही २०३३ पर्यंत तिष्ठत राहणे आले! तोवर ती ना नवी, ना वारसा.

जुनी इंजिने हवा अधिक दूषित करतात, हे नाकारता येणार नाही. परंतु वय हे काही धुराचे माप नव्हे. निगा राखलेली, महिन्यातून एखाद्या वेळी बाहेर पडणारी मोटार आणि रोज काळा धूर ओकीत धावणारी मोटार यांना एकच भुर्दंड, हा कोठला न्याय? तपासणी खुशाल कठोर करावी. मात्र तीत उतरणाऱ्या मोटारीचे शुल्क माफक असावे. दुरुस्तीत कारागिराचे श्रम आणि पोलादाची बचत दोन्ही असतात. मोडीत काढणे म्हणजेच प्रगती, हे समीकरण काटकसरीने संसार करणाऱ्या देशास परवडणारे नाही.