घड तुटल्यानंतरचे सहा तास

निफाड-दिंडोरीतला द्राक्षाचा घड युरोपातल्या दुकानात मांडला जातो तेव्हा तो वेलीवरून उतरून महिना उलटलेला असतो. तरीही देठ हिरवा असतो, मणी टणक. त्याच शिवारातला, त्याच थॉमसन वाणाचा घड आपल्याकडच्या हातगाडीवर चार दिवसांत मलूल होतो. देठ तपकिरी पडतो, क्रेट हलवला की तळाशी मणीगळ दिसते. वाण तोच, माती तीच. फरक पडतो तो तोडणीनंतरच्या पहिल्या पाच-सहा तासांत. देशी बाजारासाठी तोडलेल्या मालाचे हे तास अजून उन्हातच जातात, आणि ही परिस्थिती बदलायला हवी.

तोडलेल्या फळाचा श्वास चालूच असतो. तापमान १० अंशांनी वाढले की हा वेग साधारण दुप्पट-तिप्पट होतो आणि साठवलेली साखर तितक्याच झपाट्याने खर्ची पडते. आंबा आणि केळी तोडल्यावर पिकतात. द्राक्षाचे तसे नाही. वेलीवर जेवढी गोडी भरली तेवढीच. पुढे ते फक्त पाणी गमावते, आणि त्याचा पहिला फटका देठाला बसतो.

म्हणून निर्यातीची तोडणी उजाडताच सुरू होते. मण्यांवरची पांढुरकी लव पुसली जाऊ नये म्हणून घड देठाला धरूनच उचलतात. क्रेट सावलीत ठेवून लगेच पॅकहाऊसला नेतात. तिथे खराब मणी कात्रीने काढून माल खोक्यात भरला की प्रीकूलिंग सुरू होते. जोराच्या थंड हवेने काही तासांत फळाच्या गराचे तापमान चार अंशांपर्यंत किंवा त्याखाली उतरवतात. मग घडांवर ग्रेपगार्डचा कागद ठेवून प्लास्टिकचे अस्तर मिटतात आणि खोकी शून्य अंशाच्या शीतगृहात जातात. या कागदातले सोडियम मेटाबायसल्फाइट ओलाव्याने हळूहळू सल्फर डायऑक्साइड सोडते आणि शून्य अंशालाही वाढणाऱ्या करड्या बुरशीला रोखून धरते. गरम माल तसाच बंद केला तर आत दव साचते, वायू एकदम सुटतो आणि मण्यांवर पांढरे डाग पडतात. त्यामुळे हा क्रम चुकवून चालत नाही.

या शिस्तीची कसोटी अलीकडेच लागली. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात मालवाहू जहाजांवर हल्ले सुरू झाले. न्हावा शेव्याहून सुटणारी जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली आणि प्रवास सुमारे दोन आठवड्यांनी लांबला. तरीही द्राक्षे युरोपात जात राहिली.

देशी बाजारात व्यापारी बागेतच सौदा करतो. भर दुपारपर्यंत तोडणी चालते, शेडखाली क्रेट भरतात आणि ताडपत्री टाकलेला ट्रक रात्री निघतो. प्रीकूलिंगचा खर्च देशातल्या भावात भरून निघत नाही, हे बागायतदारांचे म्हणणे एकट्यादुकट्यापुरते खरे आहे. पण हा खर्च एकट्याने करायचाच नाही. १९९१ मध्ये महाग्रेप्स उभी राहिली तीच द्राक्ष उत्पादकांच्या सहकारी संस्थांना एकत्र आणून. दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सने शेतकऱ्यांच्या मालकीची कंपनी काढून हेच आणखी मोठ्या प्रमाणावर केले.

प्रश्न एकट्या द्राक्षाचा नाही. लुधियानाच्या काढणीपश्चात अभियांत्रिकी संस्थेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीत पेरूचे नुकसान १५.८८ टक्के निघाले. पाहणीतल्या फळांत ते सर्वाधिक होते. प्रत्येक फळाची गरजही वेगळी. द्राक्षाला शून्य अंश मानवतो. जळगावची केळी मात्र १३ अंशांखाली काळवंडतात आणि नंतर नीट पिकत नाहीत. सगळी फळे एकाच खोलीत कोंबणारे गोदाम त्यामुळे कामाचे नाही.

छोट्या शेतकऱ्यासाठी विजेशिवायचा उपायही आहे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने विटांच्या दोन भिंती आणि मधल्या फटीत ओली वाळू अशा रचनेचा शीतकक्ष विकसित केला. कोरड्या उन्हाळ्यात आतले तापमान बाहेरच्यापेक्षा १० ते १५ अंशांनी कमी राहते. कोकणच्या दमट हवेत त्याचा उपयोग कमी, पण मराठवाड्यात आणि सोलापूर-नगरच्या पट्ट्यात तो गावोगाव दिसायला हवा.

फलोत्पादन अभियानात पॅकहाऊस, प्रीकूलिंग आणि शीतवाहनांसाठी अनुदानाची तरतूद आहे. बाजार समित्या बाजार शुल्क घेतात. या पैशातून आवारात किंवा मोठ्या द्राक्षगावांत प्रीकूलिंगच्या खोल्या बांधाव्यात आणि क्रेटमागे भाडे घेऊन त्या कोणालाही वापरू द्याव्यात. त्यांना उष्णतारोधक गाड्यांची जोड हवीच, कारण थंड माल तापलेल्या ट्रकमध्ये चढवला की त्यावर पाणी सुटते आणि बुरशी धरते. निफाड, दिंडोरी आणि तासगाव या तीन तालुक्यांतून सुरुवात करता येईल. ऑक्टोबर छाटणीआधी खोल्यांची कामे मार्गी लागली, तर फेब्रुवारीत तुटणारा माल तिथे थंड होऊन मुंबई-पुण्याला निघू शकेल.