ग्राहकाला विचारले कोणी?

ग्राहकाने जे विकत घेतले तेच त्याला हवे होते असे समजावे, हे मी अर्थशास्त्राच्या वर्गात कित्येक वर्षे शिकवीत आलो. पॉल सॅम्युएलसनने १९३८ साली मांडलेली ही कल्पना उत्तरपत्रिकेत शोभून दिसते. आज मोबाइल फोनचे उत्पादक तिचाच आधार घेऊन सांगतात की, लोकांना पातळ, चकचकीत, आतून चिकटवून बंद केलेलेच फोन हवे आहेत. दुरुस्ती कोणालाच नको आहे. तसे नसते तर लोकांनी हे फोन घेतले कशाला? रेशनच्या दुकानात एकाच जातीचा तांदूळ ठेवावा आणि कार्डधारकांना तोच आवडतो असा निष्कर्ष काढावा, तशातला हा प्रकार आहे.

वस्तुस्थिती निराळी आहे. २०१४ साली सॅमसंगने गॅलेक्सी एस-५ बाजारात आणला. त्याचे मागचे झाकण नखाने उघडून बॅटरी बदलता येई, मेमरी कार्ड घालता येई, हेडफोनचा जॅक होता आणि पाण्यापासून संरक्षणही होते. त्या काळच्या उत्तम फोनांत त्याची गणना होई. पुढच्याच वर्षी एस-६ आला, तो बॅटरी आत बंद करून. मेमरी कार्डाची जागा गेली, आणि गंमत अशी की, पाण्यापासूनचे संरक्षणही गेले! २०१६ च्या एस-७ मध्ये कार्ड परतले, संरक्षण परतले. बॅटरी मात्र बंदच राहिली. तेव्हा 'पाणी शिरू नये म्हणून बॅटरी बंद करावी लागते' हा विक्रेत्यांचा तोंडपाठ खुलासा कोणी ऐकवील, तर त्याच्यापुढे हे तीन फोन ठेवावेत. बॅटरी ही झिजणारी वस्तू आहे. काही शे वेळा भारित केल्यावर तिची शक्ती उतरते. ती बदलता आली नाही की बॅटरीचे आयुष्य तेच फोनचे आयुष्य होते. उत्पादकाला हवे आहे ते हेच.

पण आपल्या साथींशीही माझा थोडा वाद आहे. फोनमध्ये चांगला कॅमेरा हवा, जास्त मेमरी हवी असे कोणी म्हटले की आपल्यातील काहींच्या कपाळावर आठ्या पडतात. हा चंगळवाद आहे, साध्या माणसाला साधा फोन पुरे, असे त्यांचे म्हणणे. ही साधेपणाची शिकवण नेमकी कोणाला द्यावयाची? शेतकऱ्याला ई-पीक पाहणीसाठी शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र काढावे लागते. अंगणवाडी सेविकेला पोषण ट्रॅकरवर मुलांची वजने-उंची भरावी लागतात. २०२१ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले फोन शासनाला परत केले, हे आपण विसरलो काय? त्यांच्या तक्रारी दोन होत्या. फोनची मेमरी अपुरी असल्याने काम अडत होते, आणि हमीची मुदत संपल्यावर दुरुस्तीचे हजारो रुपये त्यांच्याच पदरचे जात होते. मानधन तेव्हा दरमहा दहा हजारांहूनही कमी. समर्थ फोन हवा आणि तो दुरुस्त होणाराही हवा, या दोन मागण्या त्या बायांनी एकत्र मांडल्या. आपल्या विद्वत्तेला त्या परस्परविरोधी वाटत होत्या.

दुरुस्तीयोग्य फोन म्हणजे काहीतरी त्यागलेला, आदर्शवाद्यांनी वापरायचा फोन, हा समज उत्पादकांच्याच सोयीचा आहे. अॅमस्टरडॅमच्या फेअरफोनने सुटे भाग घरीच बदलता येतील असा फोन केला, हे स्तुत्य. पण २०२१ च्या नमुन्यात त्यांनीही हेडफोनचा जॅक काढून टाकलाच.

युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून उत्पादकांवर बंधन घातले आहे: एखाद्या नमुन्याची विक्री थांबल्यावरही सात वर्षे महत्त्वाचे सुटे भाग मिळालेच पाहिजेत. त्यातही एक पळवाट आहे. एक हजार वेळा भारित केल्यावर बॅटरीची ऐंशी टक्के शक्ती शिल्लक राहत असेल आणि फोन पाण्यात टिकत असेल, तर ती वापरणाऱ्याला स्वतः बदलता येण्याची सक्ती नाही. आपल्या केंद्र सरकारने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली, त्याच वर्षी संकेतस्थळही उघडले. पण संकेतस्थळ म्हणजे माहितीची पाटी. ती कोणत्याही उत्पादकाला गल्लीतल्या कारागिराकडे सुटा भाग पाठविण्यास भाग पाडीत नाही. माझ्या फोनची बॅटरी अशाच एका कारागिराने बदलून दिली. आता तो फोन मला रोज बजावतो की हा भाग अस्सल नाही. अस्सल भाग त्या कारागिराला कोणी विकला असता?

कायद्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. शासन स्वतःच फार मोठा ग्राहक आहे. पुढील फोनखरेदीच्या निविदेत बदलता येणारी बॅटरी, सात वर्षे सुटे भाग आणि कामाला पुरेशी मेमरी या अटी घालाव्यात, दुरुस्तीचा खर्च शासनाने सोसावा, आणि निवड करणाऱ्या समितीत सेविकांच्या संघटनांचे प्रतिनिधी बसवावेत, असे निवेदन प्रत्येक जिल्हा शाखेने जिल्हा परिषदेकडे दिले पाहिजे.