जुनं बिल वेळेवर सापडत नसेल, तर ते ठेवून उपयोग काय?



अँटॉप हिलच्या गोदामात माल ठेवणारा माणूस कुठला माल कुठल्या रांगेत आहे, याची नोंद ठेवतो. नाहीतर गाडी दारात उभी राहते आणि शोधाशोध सुरू होते. कॉम्प्युटरवरच्या बिलांच्या बाबतीत मात्र आपण बिनधास्त असतो. मार्च संपला की फोल्डर झिप करायचं, ‘जुनी बिलं फायनल’ असं नाव द्यायचं आणि विसरून जायचं.

जीएसटी कायद्याचं कलम 36 काय सांगतं? वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून 72 महिने हिशेब जपा. 2022-23 साठी ती तारीख होती 31 डिसेंबर 2023. म्हणजे त्या वर्षाची बिलं 31 डिसेंबर 2029 पर्यंत लागणारच. नोटीस आली की उत्तराला मोजके दिवस मिळतात, ते झिप उघडण्यात घालवायचे का?

माझं स्पष्ट मत आहे: महागडं सॉफ्टवेअर घेण्याआधी फुकटातली एक कमांड शिका. नाव झेडग्रेप. आधी कमांड, मग पार्टीचं नाव किंवा बिल नंबर, मग फाइलींची नावं. बस. जीझिपने दाबलेल्या फाइली ती वाचता वाचता उलगडते, डिस्कवर पसारा करत नाही. 72 महिन्यांच्या 72 फाइली एकदम दिल्या तरी कुठल्या फाइलीत कुठली ओळ आहे ते दाखवते. लिनक्स आणि मॅकवर ती असतेच. विंडोज 10 किंवा 11 असेल तर डब्ल्यूएसएल टाकून घ्या. साध्या झिपसाठी झिपग्रेप आहे, पण ती एका वेळी एकच झिप घेते.

आता अडचणीही ऐका. स्कॅन केलेलं बिल म्हणजे फोटो, त्यात शब्द सापडत नाही. पीडीएफ आणि एक्सेलच्या फाइली आतून आधीच दाबलेल्या असतात, त्यामुळे झेडग्रेप त्यांत हात टेकते. आणि बिल जुन्या मराठी फाँटमध्ये टाइप केलं असेल, तर युनिकोडमध्ये ‘पाटील’ शोधून काहीच मिळणार नाही, कारण आतली अक्षरं वेगळीच असतात.

म्हणून सवय लावा. दर महिन्याला विक्रीची यादी सीएसव्ही, युटीएफ-8 मध्ये काढा. फाइलीच्या नावात वर्ष आणि महिना टाका, मग जीझिप करा. जीझिप मूळ फाइल काढून टाकतं, म्हणून एक प्रत आधी पेनड्राइव्हवर घ्या. मूळ बिलं वेगळी जपायचीच, ही यादी त्यांच्यापर्यंत पोचायची वाट आहे.

आज एवढंच करा: दोन वर्षांपूर्वीचं एक बिल आठवा आणि घड्याळ लावून शोधा. पाच मिनिटांत मिळालं नाही, तर या रविवारचं काम ठरलं!